गोळी एकच, उतार वेगळा

पनवेल-रोहा मार्गावर नागोठणं सोडलं की रोह्याच्या अलीकडे निडी लागतं. इथल्या माणसाला रक्ताची तपासणी करायची तर बहुतेक वेळा रोहा किंवा पेण गाठावं लागतं. रिपोर्टचा कागद हातात पडला की परतीच्या गाडीतच तुलना सुरू होते. ‘तुझं किती उतरलं?’ एकाचं कोलेस्टेरॉल दोन महिन्यांत निम्म्यावर आलेलं असतं, तर त्याच नावाची, त्याच पॉवरची गोळी घेणाऱ्या शेजाऱ्याचा आकडा जेमतेम हललेला असतो. मग कोणी म्हणतं गोळी डुप्लिकेट असेल, कोणी डॉक्टर बदलायला सांगतं, कोणी गोळीच सोडून देतं.

या तिन्ही गोष्टींच्या आधी करण्यासारखं बरंच आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा परिणाम माणसागणिक बदलतो हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. त्यामागची कारणं ठरावीक आहेत आणि त्यांतली बरीचशी घरबसल्या शोधता येतात. मात्र ती एका क्रमाने तपासावी लागतात. साधी कारणं आधी बघायची, जनुकांपर्यंत सगळ्यात शेवटी जायचं.

गोळी करते काय

कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या स्टॅटिन गटातल्या असतात. आपल्याकडे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन ही दोन नावं सर्वाधिक चालतात. बुरशीपासून पहिलं स्टॅटिन शोधलं ते जपानच्या अकिरा एंडो यांनी, 1970 च्या दशकात. 1987 साली अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली आणि हा गट बाजारात आला.

शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल जेवणातून न येता शरीरातच तयार होतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. स्टॅटिन यकृतातली ही निर्मिती रोखतं. घरचं उत्पादन घटल्यावर यकृत आपल्या पेशींवर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, पकडणारे ग्राहक रेणू वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. हे ग्राहक रेणू शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. त्यामुळे गोळीचा गुण तीन गोष्टींवर ठरतो. औषध यकृतापर्यंत किती पोचतं, यकृत ग्राहक रेणू किती वाढवू शकतं आणि आतड्यातून किती कोलेस्टेरॉल आत येत राहतं. या तिन्ही ठिकाणी माणसामाणसांत फरक असतो.

शेजाऱ्याचा आकडा सोडा, स्वतःची टक्केवारी काढा

पहिलं काम हिशेबाचं. गोळी सुरू होण्यापूर्वीचा एलडीएलचा आकडा घ्या, त्यातून आताचा वजा करा, उरलेल्याला आधीच्या आकड्याने भागा आणि शंभराने गुणा. समजा एकाचं एलडीएल 190 होतं, ते 118 झालं. दुसऱ्याचं 130 होतं, ते 88 झालं. दुसरा खुशीत आहे, कारण त्याचा आकडा शंभराच्या आत आला. पण पहिल्याचं सुमारे 38 टक्के उतरलंय आणि दुसऱ्याचं 32 टक्के. गोळी पहिल्याला अधिक लागू पडली. फक्त त्याची सुरुवात उंचावरून झाली होती, म्हणून त्याला अजून पुढे जायचंय.

किती टक्के अपेक्षित आहे हे डोसावर ठरतं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 10 ते 20 मिलिग्रॅम किंवा रोझुव्हास्टॅटिन 5 ते 10 मिलिग्रॅमने एलडीएल साधारण 30 ते 49 टक्के उतरतं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 40 ते 80 किंवा रोझुव्हास्टॅटिन 20 ते 40 मिलिग्रॅमने 50 टक्के वा त्याहून जास्त. डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. प्रत्येक दुपटीमागे जेमतेम सहा टक्क्यांची भर पडते. म्हणून ‘पॉवर वाढवून द्या’ हा दरवेळी उपाय ठरत नाही.

हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती माणसं पसरलेली असतात हे ‘ज्युपिटर’ या मोठ्या चाचणीत दिसलं. तीत रोझुव्हास्टॅटिन 20 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे 46 टक्के लोकांचं एलडीएल निम्म्याने वा त्याहून अधिक उतरलं. सुमारे 43 टक्क्यांचं उतरलं, पण निम्म्यापेक्षा कमी. आणि सुमारे 11 टक्के लोकांचं मुळीच उतरलं नाही. गोळी सगळ्यांची सारखीच होती. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी 1 लाख 65 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून किंचित जास्त रुग्णांमध्ये दोन वर्षांतही 40 टक्के उतार आलेला नव्हता. तेव्हा कमी उतार आलेले तुम्ही एकटे नाही. पण म्हणून गप्प बसावं असंही नाही. मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबानुसार एलडीएल दर 39 मिलिग्रॅमने उतरलं की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो.

पहिला प्रश्न : गोळी खरंच पोटात जाते का?

गुण न येण्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे आणि डॉक्टरांसमोर तेच सर्वात कमी बोललं जातं. कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही, चक्कर आणत नाही. त्यामुळे बीपीची गोळी आठवते, शुगरची आठवते, ही राहून जाते. अनेकांना ती कशासाठी आहे हेच नीट सांगितलेलं नसतं. ‘रक्त पातळ करायची गोळी’ आणि ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ एकच समजणारेही खूप आहेत. या दोन वेगळ्या गोळ्या आहेत.

गोळी चुकण्याच्या जागाही ओळखीच्या आहेत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली. प्रत्यक्षात तो नॉर्मल आला गोळीमुळे, आणि बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा मूळ जागी परततो. लावणीच्या धांदलीत पाकीट संपलं आणि रोह्याला जाणं झालं नाही. धाटावच्या कारखान्यात रात्रपाळी लागली आणि ‘रात्री जेवणानंतर’ ही सूचनाच कोलमडली. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं आणि आठवडाभर गोळीची आठवण झाली नाही.

रात्रपाळीचा प्रश्न सोपा आहे. सिमव्हास्टॅटिन शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ते रात्री घ्यायचं असतं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, ती दिवसातून कोणत्याही एका ठरलेल्या वेळी घेतली तरी चालतात. पाळी बदलणाऱ्यांनी ‘झोपून उठल्यावर चहाबरोबर’ अशी वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्यावी. पाकिटावर पेनाने तारीख टाकावी. तीस दिवसांच्या शेवटी किती गोळ्या उरल्या ते मोजावं. त्या मोजणीने अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

उलट चूकही होते. अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन एकत्र असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास मिळतात. एका डॉक्टरांनी कॅप्सूल दिली, दुसऱ्यांनी वेगळ्या ब्रँडची गोळी दिली, आणि रुग्ण एकच औषध दोन नावांनी घेत राहिला, असं घडतं. पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं. बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा किंवा केमिस्टकडून वाचून घ्या.

महागडा ब्रँड घेतला तर गुण जास्त येईल हा समज मात्र सोडून द्या. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रांतून स्वस्तात मिळतं. दरमहा परवडणारी आणि न चुकता घेतली जाणारी गोळी हीच चांगली गोळी.

दुसरा प्रश्न : रिपोर्ट बरोबर वाचला का?

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी तपासणी करायची असते. पंधरा दिवसांनी केलेल्या तपासणीवरून निकाल लावू नका. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यानंतर एलडीएल तात्पुरतं खाली येतं. झटका आल्यानंतर काही दिवसांनी काढलेला आकडा ‘गोळीआधीचा’ म्हणून धरला, तर पुढचा उतार कमी वाटणारच. त्यामुळे पहिला रिपोर्ट कधीचा, कोणत्या अवस्थेतला, हे लिहून ठेवा. त्याच माणसाचं एलडीएल कोणतंही कारण नसताना काही टक्क्यांनी वरखाली होतं. दरवेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि पाच-सात अंकांच्या फरकाने घाबरू नका.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आकडा फसवा करते, ती म्हणजे ट्रायग्लिसराइड हा रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं मानलं जाणारं कोलेस्टेरॉल) वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, असं हे 1972 सालचं फ्रीडवाल्ड सूत्र. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ते चालतच नाही, आणि त्याच्या आतही जसजसं वाढत जातं तसतसं चुकू लागतं. समजा एकूण 200, एचडीएल 35 आणि ट्रायग्लिसराइड 350 आहे. सूत्राने एलडीएल 95 येतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा केलं तर 165 उरतात. हा ‘नॉन-एचडीएल’चा आकडा. रक्तवाहिन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं. ट्रायग्लिसराइड जास्त असणाऱ्यांनी याच आकड्यावर लक्ष ठेवावं. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही, वजाबाकी पुरते. साध्या पाठपुराव्यासाठी दरवेळी उपाशीपोटी जाण्याचीही गरज नसते. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल तेव्हाच डॉक्टर उपाशीपोटी बोलावतात.

हा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचा महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथला अहवाल 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात 79 टक्के लोकांच्या रक्तातल्या चरबीचा कोणता तरी एक आकडा बिघडलेला होता. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले 13.9 टक्केच होते. ट्रायग्लिसराइड जास्त असलेले 29.5 टक्के आणि एचडीएल कमी असलेले 72.3 टक्के. स्टॅटिनचा मुख्य मारा एलडीएलवर असतो. एचडीएल त्याने फारसं वाढत नाही, ट्रायग्लिसराइड काही प्रमाणातच उतरतं. ज्याचा बिघाड मुळात या दोन आकड्यांत आहे त्याला ‘गोळीने काही झालं नाही’ असं वाटणं साहजिक आहे. ती गोळी ज्या आकड्यासाठी आहे तो पाहिलेलाच नसतो.

तिसरा प्रश्न : शरीरात दुसरं काही चाललंय का?

थायरॉइड मंदावलं की यकृतावरचे ग्राहक रेणू कमी होतात आणि एलडीएल चढतं. अशा माणसाला स्टॅटिन कमी लागू पडतं आणि स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. थकवा, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, पाळीच्या तक्रारी असतील, विशेषतः बायकांमध्ये, तर टीएसएच ही तपासणी आधी करून घ्यावी. थायरॉइड ताळ्यावर आलं की अनेकदा कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं. मधुमेह हाताबाहेर असणं, लघवीतून प्रथिनं जाणं, पित्तमार्गात अडथळा असणं, रोजची दारू, दीर्घकाळ चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, यांनीही आकडे बिघडतात. रजोनिवृत्तीनंतर बायकांचं एलडीएल वाढतं. गेल्या वर्षीचा डोस या वर्षी कमी पडतोय असं वाटण्यामागे हेही कारण असू शकतं.

बारीक अंगकाठीवरही विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के होती आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. काटा सारखाच दाखवतो, आतली चरबी दुपटीहून अधिक. ‘मी कुठे जाडा आहे’ असं म्हणणाऱ्याने कमरेचा घेर मोजून पाहावा.

चौथा प्रश्न : बरोबर आणखी काय घेता?

हा भाग वाचताना घरातली सगळी औषधं समोर ठेवा, मग ती कोणत्याही पॅथीची असोत.

अ‍ॅसिडिटीचं औषध : अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेलं पांढरं पातळ अँटासिड रोझुव्हास्टॅटिनबरोबरच घेतलं तर रक्तात पोचणारं औषध जवळपास निम्म्यावर येतं. अँटासिड गोळीनंतर किमान दोन तासांनी घ्या.

गजकर्ण-नायट्याचं औषध : कोकणच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, नायटा घरोघरी असतो. त्यासाठी इट्राकोनाझोल गोळी सर्रास दिली जाते. ती अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन शरीराबाहेर पडण्याची वाट अडवते. रक्तातलं औषध वाढतं आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही तसंच वागतं. त्वचेच्या डॉक्टरांना ‘मला कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे’ हे एक वाक्य सांगायला विसरू नका. ते काही दिवस गोळी थांबवतील किंवा दुसरं औषध देतील.

टीबीचं औषध : रिफॅम्पिसिन उलट दिशेने काम करतं. ते अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी बरीच खाली आणू शकतं. टीबीचा कोर्स चालू असताना कोलेस्टेरॉल चढलं तर आश्चर्य नाही. टीबीचं औषध मात्र कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये.

गुग्गुळ : सांधेदुखीसाठी किंवा ‘चरबी झडावी’ म्हणून गुग्गुळाच्या गोळ्या अनेक घरांत असतात. आपल्याकडच्या जुन्या अभ्यासांत गुग्गुळाचे निष्कर्ष आशादायक होते. 2003 साली अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत मात्र गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढलं. डिल्टियाझेम, प्रोप्रॅनोलोल यांसारख्या हृदयाच्या औषधांचं शोषण गुग्गुळ कमी करतो असंही आढळलंय. वैद्यांकडून घेत असलात तर दोन्ही डॉक्टरांना तसं सांगा.

इसबगोल : याने एलडीएल उतरायला थोडी मदतच होते. पण इतर गोळ्यांबरोबर एकाच वेळी घेतलं तर त्यांचं शोषण अडू शकतं. दोन तासांचं अंतर ठेवा.

पाचवा प्रश्न : जनुकांचा वाटा

वरच्या चारही प्रश्नांची उत्तरं ठीक आली आणि तरीही उतार कमीच असेल, तर फरक जन्मजात असू शकतो. एकाच पिशवीतलं बियाणं वेगवेगळ्या खाचरांत पेरलं तर पीक सारखं येत नाही, हे भातशेती करणाऱ्याला सांगायला नको. औषधाचंही तसंच आहे.

स्टॅटिनला रक्तातून यकृतात नेणारी एक वाहक यंत्रणा असते. तिचं जनुक एसएलसीओ1बी1. या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांत औषध यकृतात कमी शिरतं आणि रक्तात जास्त राहतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिमव्हास्टॅटिनचा 80 मिलिग्रॅमचा मोठा डोस घेणाऱ्यांत या प्रकाराची एक प्रत असलेल्यांना स्नायूंच्या गंभीर त्रासाची शक्यता साडेचारपट आढळली, दोन प्रती असलेल्यांना सुमारे सतरापट. आज हा डोस नव्याने दिला जात नाही.

रोझुव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी आशियाई वंशाच्या लोकांत, भारतीयांसह, गोऱ्या लोकांच्या सुमारे दुप्पट आढळली. म्हणून अमेरिकेत आशियाई रुग्णांना 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याचा विचार करावा असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत असेल आणि तिथल्या डॉक्टरांनी ‘कमी पॉवर’ दिली असेल, तर त्यामागे हे कारण असू शकतं. कमी डोस म्हणजे कमी गुण असंही नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या दक्षिण आशियाई रुग्णांवर झालेल्या ‘आयरिस’ चाचणीत रोझुव्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅमने एलडीएल सुमारे 45 टक्के आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅमने सुमारे 40 टक्के उतरलं. भारतीयांना या गोळ्या लागू पडत नाहीत, हा समज त्यामुळे टिकत नाही.

काही माणसांचं यकृत कोलेस्टेरॉल कमी बनवतं, पण आतडं ते जास्त शोषतं. अशांना निर्मिती रोखणारं स्टॅटिन कमी उपयोगी पडतं आणि शोषण रोखणारं एझेटिमाइब अधिक.

लायपोप्रोटीन(ए) हा आणखी एक आनुवंशिक घटक दक्षिण आशियाई लोकांत बराच आढळतो. त्यातलं कोलेस्टेरॉल नेहमीच्या तपासणीत एलडीएलमध्येच मोजलं जातं आणि स्टॅटिनने ते उतरत नाही. म्हणून ज्याचं हे जास्त, त्याचा उतार कमी दिसतो. हा आकडा आयुष्यभर फारसा बदलत नाही, त्यामुळे एकदा तपासला तरी पुरतो. घरात तरुण वयात कोणाला झटका आला असेल तर ही तपासणी जरूर मागून घ्या.

कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया या आजारात यकृतावरचे एलडीएलचे ग्राहक रेणूच जन्मतः सदोष किंवा कमी असतात. जगात साधारण अडीचशे माणसांमागे एकाला तो असतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी भारतीय रुग्णांतले असे जनुकीय दोष शोधलेले आहेत. गोळीआधीचं एलडीएल 190 च्या वर, कोपर-गुडघे किंवा टाचेमागच्या शिरेवर पिवळसर गाठी, तरुणपणीच बुबुळाभोवती पांढरी कड, वडील-काका-मामा यांपैकी कोणाला पंचावन्नच्या आत झटका, अशी चिन्हं असतील तर हा विषय एका माणसाचा राहत नाही. भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करायला हवी. बाकीच्यांनी महागड्या जनुकीय चाचण्यांच्या मागे लागू नये. नेहमीच्या उपचारात त्यांची गरज क्वचितच पडते.

पाय दुखतात म्हणून गोळी सोडली?

गुणात जसा फरक, तसाच त्रासातही. स्टॅटिनने स्नायूंचा त्रास होऊ शकतो हे खरं आहे. पण दर दुखण्याचं खापर गोळीवर फोडणं बरोबर नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॅमसन’ चाचणीत त्रासामुळे गोळी सोडलेल्या 60 जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. रिकाम्या महिन्यांत त्रासाचे गुण सरासरी 8, खोट्या गोळीवर 15.4 आणि खऱ्या गोळीवर 16.3. म्हणजे गोळी घेतल्यावर जो त्रास वाढला, त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीनेही झाला. त्या माणसांचं दुखणं खरंच होतं, पण त्याचा बराच भाग त्रास होणारच या अपेक्षेतून आला होता. हे आकडे पाहून त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

दिवसभर वाकून लावणी केल्यावर किंवा भात कापल्यावर कंबर आणि मांड्या गोळीशिवायही दुखतात. स्नायूंच्या इजेसाठी सीके ही रक्ततपासणी करतात. अशा कष्टाच्या कामानंतर ती निरोगी माणसातही वाढलेली येते, म्हणून रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस विश्रांती घ्या आणि काय काम केलं ते डॉक्टरांना सांगा. गोळीचा त्रास साधारणपणे दोन्ही बाजूंना सारखा, मांड्या, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत जाणवतो. डॉक्टर गोळी काही आठवडे थांबवून पुन्हा सुरू करतात, डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा दिवसाआड देतात. बहुतेकांना कोणतं ना कोणतं स्टॅटिन सोसतं.

मात्र हातापायातली ताकद गेली, जिना चढवेना, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. असं फार क्वचित होतं, पण झालं तर थांबायचं नाही. गरोदर असलेल्या किंवा मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या बायकांनीही गोळीबद्दल आधीच बोलून घ्यावं.

ताटातला फरक

गोळी चालू आहे म्हणून खाण्यावर लगाम नको, असा सोयीचा अर्थ काढला की उताराला खीळ बसते. खोबरेल तेलातली सुमारे नव्वद टक्के चरबी एलडीएल वाढवणाऱ्या संपृक्त प्रकारची असते. वाटणातलं थोडं खोबरं चालतं. फोडणीला रोज खोबरेल, त्यावर साय, तूप आणि बेकरीची खारी-बिस्किटं जमा झाली की आकडा वर राहतो. वाल, मूग, पालेभाज्या, नाचणी यांतला चोथा मदत करतो. बांगडा, तारली या तेलकट मासळीने ट्रायग्लिसराइडला उतार पडतो, फक्त ती तळण्याऐवजी कालवणात किंवा भाजून खावी. ट्रायग्लिसराइड जास्त असणाऱ्यांनी भाताचा ढीग, साखरेचा चहा आणि दारू या तीन गोष्टींना आधी हात घालावा.

पुढची पायरी

सगळं तपासून झालं तरी आकडा उद्दिष्टापर्यंत आला नाही, तर डॉक्टरांजवळ आणखी मार्ग आहेत. स्टॅटिनला एझेटिमाइबची जोड दिली की एलडीएल आणखी सुमारे 20 ते 25 टक्के उतरतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट करण्यापेक्षा ही भर मोठी आहे. स्नायूंच्या त्रासामुळे स्टॅटिन सोसत नसेल तर बेम्पेडोइक आम्ल हा पर्याय आहे. ते यकृतातच कार्यरत होतं, स्नायूंत नाही. फार जास्त जोखीम असलेल्यांसाठी इंजेक्शनं आहेत, पण ती महाग आहेत. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा उपचाराची दिशाच बदलते.

उद्दिष्टही सगळ्यांचं एक नसतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी जोखमीच्या माणसाने एलडीएल 100 च्या खाली ठेवावं. मधुमेह, उच्च रक्तदाब अशी जास्त जोखीम असलेल्याने 70 च्या खाली, आणि झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाने 55 च्या खाली. शेजाऱ्याला 95 पुरत असेल आणि तुम्हाला 65 सुद्धा जास्त असेल, दोन्ही बरोबर असू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना

पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जा, नाहीतर खासगी दवाखान्यात, पिशवीत एवढं असू द्या :

1. गोळी सुरू होण्यापूर्वीचा आणि त्यानंतरचे सगळे रिपोर्ट, तारखांसह.
2. टक्केवारीचा तुमचा हिशेब आणि नॉन-एचडीएलचा आकडा.
3. घरातल्या सगळ्या औषधांची रिकामी-भरली पाकिटं. अ‍ॅसिडिटीचं, नायट्याचं, आयुर्वेदिक, सगळी.
4. गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या, याचं खरं उत्तर.
5. थायरॉइड आणि शुगरचे शेवटचे रिपोर्ट.
6. घरात कोणाला, कोणत्या वयात झटका किंवा पक्षाघात आला, याची यादी.
7. त्रास होत असेल तर कुठे, केव्हापासून आणि त्या आठवड्यात अंगमेहनतीचं काय काम केलं, याचं टिपण.

आणि दोन प्रश्न विचारून या : ‘माझं उद्दिष्ट किती?’ आणि ‘पुढची तपासणी कधी?’ ही दोन उत्तरं पाकिटावर लिहून ठेवा. गोळी लागू पडत नाही असं वाटलं तर ती स्वतःहून सोडू नका, शेजाऱ्याची मागून घेऊ नका आणि त्याच्या आकड्यावरून स्वतःच्या औषधाची परीक्षा करू नका. आपले जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि आपला आकडा त्यांच्याशीच ताडून पाहा.